कंट्री हॅम अख्खा शिजवायचा तर: जुन्या पद्धतीची सविस्तर कृती

दुकानात प्लास्टिकच्या वेष्टनात मिळणारा गुलाबी, ओलसर हॅम आधीच शिजवलेला असतो. तो नुसता गरम केला तरी चालतो. हा लेख त्याच्याबद्दल नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडे व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, टेनेसी, केंटकी या राज्यांत डुकराची मागची अख्खी मांडी कोरड्या मिठात खारवतात, बऱ्याच ठिकाणी हिकरीच्या लाकडाचा धूर देतात आणि मग ती महिनोन्महिने टांगून ठेवतात. त्या कंट्री हॅमबद्दल हे लिहितो आहे. तो पहिल्यांदा हातात घेणारा माणूस हमखास गोंधळतो. वर बुरशी दिसते, मांस दाबलं तर दबत नाही, वास उग्र असतो आणि कच्चा तुकडा जिभेवर ठेवला तर मिठाशिवाय काही कळत नाही. बरेच जण इथेच घाबरतात आणि पुढचं सगळं घाईत उरकतात.

खरं म्हणजे चवीचं काम हॅम टांगणाऱ्याने आधीच करून ठेवलेलं असतं. शिजवणाऱ्याकडे दोनच गोष्टी उरतात: जास्तीचं मीठ पाण्याने काढून घेणं, आणि मांस आणखी कोरडं न करता शिजवणं. दोन्हींना वेळ द्यावा लागतो. मसाला, साखरेचा मुलामा, सजावट हे सगळं त्यानंतरचं. मुलाम्यावर तासभर घालवून भिजवण्याचा एक दिवस वाचवला, तर तो हॅम कोणीही दुसऱ्यांदा वाढून घेत नाही.

हातात नेमकं काय आहे ते आधी बघा

लेबल वाचा. ‘पूर्ण शिजवलेला’ असं लिहिलेलं असेल, तर तो खारं पाणी टोचून बनवलेला शहरी हॅम किंवा कारखान्यातच शिजवलेला कंट्री हॅम असण्याची शक्यता आहे. त्याला खालची कृती लावू नका. ‘खाण्यापूर्वी शिजवा’ असं लिहिलेलं असेल आणि ‘कंट्री हॅम’ हे शब्द असतील, तर पुढे वाचा.

अमेरिकेत कंट्री हॅम हे नाव कोणालाही वाटेल तसं वापरता येत नाही. सरकारी नियमाप्रमाणे तयार हॅमचं वजन ताज्या मांसाच्या वजनापेक्षा निदान १८ टक्क्यांनी कमी झालेलं असावं लागतं, आणि आतल्या मांसात निदान ४ टक्के मीठ असावं लागतं. या दोन आकड्यांवरून स्वयंपाकघरात काय करायचं ते जवळजवळ ठरतं. पाणी आधीच गेलं आहे, म्हणून उरलेलं सांभाळायचं. मीठ भरपूर आहे, म्हणून ते काढायचं.

स्मिथफील्ड हॅम हा याच घराण्यातला. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने १९२६ मध्ये कायदा करून या नावाला व्याख्या दिली. त्या वेळी डुकरांना भुईमुगाच्या शेंगा खाऊ घातलेल्या असाव्यात अशीही अट होती. ती पुढे वगळली गेली. पण स्मिथफील्ड गावाच्या हद्दीतच खारवणं, धूर देणं आणि मुरवणं व्हायला हवं आणि मीठ लावल्यापासून निदान सहा महिने जायला हवेत, हे टिकून राहिलं. मीठ आणि कोरडी हवा मांस किती टिकवतात याचा पुरावा तिथल्याच आइल ऑफ वाइट काउंटीच्या संग्रहालयात आहे: १९०२ साली खारवलेला एक हॅम. गोदामात टांगलेला तो विसरला गेला, पुढे वीसेक वर्षांनी मालक ग्वॉल्टनी यांनी त्याला पितळी गळपट्टा घातला आणि प्रदर्शनांतून लोकांना दाखवला. तो खाण्यासाठी नाही, पण अजून आहे.

विकत घेताना साडेसहा ते सात किलोचा, हाडासकट हॅम घ्या. तीन-चार महिने मुरलेला सौम्य असतो. वर्षभर टांगलेला गडद, उग्र आणि अधिक कोरडा असतो. पहिल्यांदा करणाऱ्याने सहा महिन्यांच्या आसपासचा घ्यावा. एवढ्या काळात टांगलेल्या हॅमने निदान एक उन्हाळा पाहिलेला असतो. त्या उष्णतेत चरबी आणि प्रथिनं फुटून जी खोल चव येते, ती नुसत्या हिवाळ्यात मुरलेल्या हॅमला येत नाही.

वेळेचं गणित

रविवारी दुपारी पानात वाढायचा असेल, तर काम गुरुवारी रात्री सुरू होतं. गुरुवारी घासून भिजत घालायचा. शुक्रवारभर पाणी बदलायचं. शनिवारी सकाळी चुलीवर चढवायचा आणि दुपारी उतरवून, कातडी काढून रात्री फ्रीजमध्ये ठेवायचा. रविवारी सकाळी ओव्हनमध्ये फक्त वरची बाजू भाजायची. एकाच दिवसात सगळं बसवायचा मोह टाळा. आदल्या दिवशी शिजलेला आणि थंड झालेला हॅम फार चांगला कापला जातो, आणि या हॅमची अर्धी मजा कापण्यातच आहे.

बुरशी, वास आणि कीड

कापडी पिशवी किंवा कागद काढला की पांढरी, राखाडी, कधी हिरवट बुरशी दिसेल. ती असणारच, टांगून मुरवलेल्या मांसावर ती धरते आणि घासली की जाते. कापल्यावर मांसात बारीक पांढरे कण दिसले, तर तेही ठीक आहे. जुन्या हॅममध्ये प्रथिनं फुटून टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल खड्यांच्या रूपात साचतं. ते दाताखाली किंचित करकरतं, एवढंच.

खरी परीक्षा हाडाजवळ होते. मांस बिघडतं ते बहुधा आतून, कारण मीठ बाहेरून आत जातं आणि हाडाजवळ सगळ्यात उशिरा पोचतं. बर्फ फोडायचा टोच्या किंवा लांब विणकामाची सुई स्वच्छ करा, घोट्याच्या सांध्याजवळ आणि खुब्याच्या हाडाजवळ खोल घाला, लगेच बाहेर काढून हुंगा. खारट, धुरकट, तिखट, सुकामेव्यासारखा वास आला तर उत्तम. आंबूस, कुजका, नकोसा वास आला तर तो हॅम टाकून द्या, किंवा जिथून आणला तिथे परत करा. कितीही वेळ शिजवला तरी तो वास जात नाही आणि ते मांस खाण्यालायक नसतं. ही तपासणी विकणारेही करतात, पण घरी पुन्हा केल्याने काही बिघडत नाही. घडीत, हाडाच्या फटीत अळ्या किंवा भुंगेरे दिसत नाहीत ना, हेही त्याच वेळी बघून घ्या. पिशवी धड असली तर सहसा नसतात.

नळी कापणं आणि घासणं

कंट्री हॅमला घोट्याकडची लांब नळी असते आणि ती घरच्या पातेल्यात मावत नाही. आधी कोरड्या पातेल्यात हॅम ठेवून बघा. झाकण बसत नसेल, तर घोट्याच्या वर चार बोटं सोडून सुरीने मांस हाडापर्यंत कापा आणि हाड स्वच्छ करवतीने कापा. सुरीने हाड तोडायला जाऊ नका, हाडाचे कपचे मांसात शिरतात. विकणाऱ्याला सांगितलं तर तो यंत्रावर कापून देतो, आणि तेच सोपं. कापलेला घोट्याकडचा तुकडा फेकू नका, त्याचं पुढे काम आहे.

आता सिंकमध्ये कोमट पाण्याखाली कडक ब्रशने हॅम घासा. बुरशी, मिरीची पूड, धुराची काजळी, सगळं निघालं पाहिजे. साबण अजिबात नको. जिथे बुरशी चिकटून बसली असेल, तिथे फडक्यावर पांढरं व्हिनेगर घेऊन पुसा. उघड्या मांसाच्या बाजूला कडक, काळपट पापुद्रा असेल, तर तो सुरीने पातळ तासून काढा. कातडी मात्र आत्ता काढू नका. शिजताना ती मांसाला झाकते आणि चरबी जागेवर धरून ठेवते.

भिजवणं

सगळं इथे ठरतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

मीठ मांसातून पाण्यात जातं ते हळूहळू, एका थरातून दुसऱ्या थरात सरकत. खारवताना ते ज्या संथ गतीने आत गेलं (जुने लोक इंचभर जाडीला सात दिवस धरत), त्याच संथपणाने ते बाहेर येतं. म्हणून तासभर गरम पाण्यात ठेवून काही होत नाही. वरचा थर फिका पडतो आणि आत मीठ तसंच राहतं. गरम पाण्याने आणखी एक नुकसान होतं: बाहेरचा भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि मीठ कमी होत चाललेल्या कोमट मांसात जंतू वाढू शकतात.

मोठं भांडं घ्या, हॅम पूर्ण बुडेल आणि वर चार-पाच सेंटिमीटर पाणी राहील एवढं गार पाणी घाला. भांडं फ्रीजमध्ये मावत असेल तर फारच चांगलं. नसेल तर पिकनिकला नेतात तो मोठा थंड पेटारा घ्या, त्यात हॅम, पाणी आणि बर्फाच्या बाटल्या ठेवा. पाणी ४ अंश सेल्सिअसच्या आसपास राहायला हवं. थर्मामीटर हाताशी ठेवा, बर्फ वितळला की बाटल्या बदला.

किती वेळ? अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात कंट्री हॅमसाठी ४ ते १२ तास दिलेले आहेत. घरोघरची रीत त्याहून लांबची आहे. माझ्या मते सहा महिन्यांच्या हॅमला २४ ते ३६ तास हवेत, वर्षभराच्या हॅमला ४८. पाणी दर आठ तासांनी बदला. साचलेलं खारं पाणी मीठ ओढून घेणं थांबवतं, म्हणून पाणी न बदलता दोन दिवस ठेवण्यापेक्षा चार वेळा बदलून एक दिवस ठेवलेलं बरं. तीन दिवस ठेवू नका. वरचा थर पाणचट होतो आणि मुरण्यातून आलेली चवच वाहून जाते.

भिजवणं पुरे झालं का, हे घड्याळापेक्षा तवा चांगला सांगतो. मांसाच्या उघड्या बाजूने एक पातळ काप काढा, तव्यावर तेल न घालता दोन्ही बाजूंनी पूर्ण शिजवा आणि खाऊन बघा. कच्चा चाखू नका. काप तुम्हाला हवा त्यापेक्षा थोडा जास्त खारट लागला पाहिजे, पण गिळवेल इतपत. अजून पाच तास तो पाण्यातच असणार आहे आणि तिथेही मीठ सुटणार आहे. तोंड वाकडं होत असेल, तर आणखी आठ तास द्या. उलट, आत्ताच अगदी बेताचा लागला तर लगेच शिजवायला घ्या. आणि एक लक्षात ठेवा: हा काप बाहेरच्या बाजूचा आहे, मधलं मांस याहून खारटच असणार. म्हणूनच हा हॅम पातळ कापून खातात.

मंद पाण्यात शिजवणं

पातेलं निदान वीस लिटरचं लागतं. बाटल्या, बरण्या निर्जंतुक करायचं मोठं भांडं असेल तर ते उत्तम. हॅम कातडी खाली करून ठेवा, ताजं गार पाणी घाला, पूर्ण बुडवा. मध्यम आचेवर पाणी तापू द्या. वर फेस येईल तो झाऱ्याने काढत राहा. उकळीच्या जवळ आलं की थोडं पाणी चमच्यात घेऊन, निववून चाखा. फारच खारट असेल तर सगळं ओतून द्या आणि नव्या पाण्याने सुरुवात करा. अर्धा तास जातो, पण हॅम वाचतो.

दुसऱ्या पाण्यात चवीसाठी दोन कांदे, एक-दोन गाजरं, तमालपत्र, डझनभर मिरी आणि थोड्या लवंगा घाला. कोणी सफरचंदाचा साइडर घालतं, कोणी काकवी. दोन्ही चांगले, पण पाण्याच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त साइडर नको. इंग्लंड-फ्रान्समधल्या जुन्या स्वयंपाकात पातेल्यात मूठभर स्वच्छ वाळलेलं गवत घालण्याची रीत आहे; त्याचा मंद गोड वास मांसाला लागतो. फवारणी न केलेलं गवत मिळालं तर जरूर करून बघा. मीठ अर्थातच घालायचं नाही.

आता आच उतरवा आणि पाणी ८० ते ८५ अंशांवर धरा. पातेल्यात पाहिलं तर पाणी हललेलं दिसावं, कडेने एखादा बुडबुडा यावा, बस. पाणी खदखदता कामा नये. हॅम उकळून शिजवा असं अनेक कृतींत लिहिलेलं असतं, आणि बिघडलेल्या हॅमचं सगळ्यात मोठं कारण तो एक शब्द आहे. मांस जितकं जास्त तापतं, तितके त्याचे धागे आकसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. ताज्या मांसात थोडं पाणी गेलं तरी खपून जातं. या मांसातलं पाणी मुरतानाच गेलेलं असतं, त्यामुळे गमवायला काही उरलेलंच नसतं. शिवाय खदखदत्या पाण्यात बाहेरचं मांस तुटून धागे-धागे होतं, चरबी वितळून वर तरंगते आणि हाडाजवळचं मांस मात्र अजून कच्चंच असतं. मंद पाण्यात सांध्याजवळचा चिवट कोलॅजेन हळूहळू जिलेटिन होतो. कोरड्या मांसाला जो मऊपणा येतो तो त्यामुळे.

वेळ किलोला ४५ ते ५५ मिनिटं धरा. साडेसहा किलोच्या हॅमला पाच ते सहा तास लागतात. पाणी आटलं तर किटलीतलं गरम पाणी घाला, गार नको. निम्मा वेळ झाला की हॅम उलटा करा. तो जड, निसरडा आणि तापलेला असतो. एकट्याने उचलू नका, दोन मोठे काटे किंवा जाड हातमोजे वापरा.

शिजला हे ओळखायच्या दोन खुणा आहेत. पहिली जुनी: मांडीच्या रुंद टोकाला खुब्याचं चपटं हाड असतं, ते हाताने हलवलं की मोकळं हलतं आणि ओढलं तर निघून येतं. दुसरी थर्मामीटरची: सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, आतलं तापमान ७१ अंश सेल्सिअस. कच्च्या हॅमसाठी सुरक्षिततेची किमान मर्यादा ६३ अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं विसावा अशी आहे, पण कंट्री हॅम तेवढ्यावर उतरवला तर चिवट लागतो. ७१ गाठा. ८० ओलांडू नका. मी दोन्ही खुणा बघतो, आणि त्या जुळल्या नाहीत तर थर्मामीटरचं ऐकतो.

दक्षिणेत आणखी एक रीत होती. डुकराची चरबी साठवायच्या उंच पत्र्याच्या डब्यात हॅम आणि पाणी घालून अर्धा तास उकळवायचं, मग झाकण लावून डबा गोधड्या आणि वर्तमानपत्रांत गुंडाळून रात्रभर ठेवायचा. एवढं पाणी उष्णता फार वेळ धरून ठेवतं, त्यामुळे हॅम आपोआप मंद शिजतो आणि मांस खरोखर सुरेख होतं. पण सगळी भिस्त भांड्याच्या आकारावर, पाण्याच्या मापावर आणि पांघरुणावर असते. तारेचा थर्मामीटर हॅममध्ये खोचून बाहेर आकडा दिसत असेल, आतलं तापमान ७१ पर्यंत चढलेलं आणि नंतर ६० च्या वरच राहिलेलं दिसत असेल, तरच हे करा. नाहीतर चुलीवरच बरं.

शिजल्यावर आच बंद करून हॅम तासभर त्याच पाण्यात राहू द्या. गरम मांस एकदम हवेत काढलं तर वरून सुकतं. तासाहून जास्त मात्र नको.

कातडी काढणं

हॅम ताटात काढा, कातडी वर करा. हाताला सोसवेल इतका गरम असतानाच हे करायचं. गार झाला की कातडी घट्ट बसते. घोट्याच्या बाजूने गोल चीर द्या, कातडीच्या कडेखाली बोटं घाला आणि रुंद टोकाकडून ओढा. नीट शिजला असेल तर ती एका अखंड तुकड्यात निघते आणि खाली पांढरी, चकचकीत चरबी दिसते. ती सगळी काढू नका. अर्धा सेंटिमीटरभर थर ठेवा, जाडसर असेल तिथे तासा. पातळ काप खाताना मांसाच्या खारटपणाला हीच चरबी गोलाई देते.

चरबीवर तिरप्या चिरा द्या, दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर, आधी एका दिशेने मग दुसऱ्या, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराचे चौकोन होतील. सुरी मांसात जाऊ देऊ नका. मग हॅम झाकून फ्रीजमध्ये ठेवा.

मुलामा आणि ओव्हन

दुसऱ्या दिवशी ओव्हन २०० अंशांवर तापवा. चरबीवर दोन-तीन मोठे चमचे तिखट मस्टर्ड पातळ पसरवा. वाटीभर ब्राउन शुगर, तेवढाच बारीक ब्रेडचा चुरा आणि भरड मिरी एकत्र करा, साइडर किंवा व्हिनेगरचे एक-दोन चमचे घालून ओलसर करा, आणि हाताने दाबून बसवा. दर दोन-तीन चौकोनांआड एक लवंग खोचा. प्रत्येक चौकोनात लवंग खोचलेली चित्रात छान दिसते, पण तोंडात दुसरं काही उरत नाही.

पंधरा ते वीस मिनिटांत वरचा थर तपकिरी, कुरकुरीत होतो. हॅम आधीच शिजलेला आहे, आपण फक्त वरची बाजू भाजतो आहोत, म्हणून जास्त वेळ ठेवू नका. शेवटची पाच मिनिटं ओव्हनसमोरच थांबा, साखर करपायला वेळ लागत नाही. अननसाच्या चकत्या आणि चेरी मी या हॅमला लावत नाही. पाणीदार, सौम्य हॅमला त्या शोभतात. इथे गोड मुलामा पातळच असावा.

कापणं

लांब, अरुंद, लवचिक पात्याची सुरी घ्या आणि आधी धार लावा. बोथट सुरीने हा हॅम कापला जात नाही, फाटतो.

अर्धा तास बाहेर ठेवलेला हॅम पाटावर आडवा ठेवा. पातळ बाजूचे दोन-तीन काप काढून सपाट बूड तयार करा आणि हॅम त्यावर उभा करा, म्हणजे डुलणार नाही. घोट्यापासून पाचेक सेंटिमीटर सोडून सरळ खाली हाडापर्यंत चीर द्या, शेजारी तिरपी दुसरी चीर देऊन पाचरीएवढा तुकडा काढा. ही तुमची सुरुवात. आता त्या खाचेपासून रुंद टोकाकडे, थोडं तिरपं धरून, काप काढत जा. प्रत्येक काप इतका पातळ हवा की त्यातून पात्याची सावली दिसेल. सुरी दाबायची नाही, लांब हात फिरवून ओढायची. दहा-बारा काप झाले की सुरी हाडाला लागून आडवी घाला, काप सुटे होतात.

जाड काप वाढले तर पाहुणे पाणी पीत राहतील. हा हॅम मुख्य भाजीसारखा ताट भरून खायचा नाही; चार-पाच पातळ काप, बटर लावलेलं गरम बिस्किट, थोडं मस्टर्ड, हे पुरेसं आहे. इथे बिस्किट म्हणजे दक्षिणेतला मऊ, नुकताच भाजलेला खारा पाव.

कच्च्या कापांची रेड-आय ग्रेव्ही

अख्खा हॅम शिजवायला घेण्याआधी मधल्या जाड भागाचे दोन-तीन अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप करवतीने काढून ठेवले, तर न्याहारीला वेगळीच चीज मिळते. काप तासभर पाण्यात ठेवून टिपून घ्या, कडेच्या चरबीला चिरा द्या म्हणजे गुंडाळणार नाहीत. बिडाच्या तव्यावर मध्यम आचेवर, स्वतःच्या चरबीत, बाजूला दोन-तीन मिनिटं परतून पूर्ण शिजवा आणि काढून घ्या. तव्याला चिकटलेल्या तपकिरी खरपुडीवर अर्धी वाटी कोरी कडक कॉफी आणि थोडं पाणी ओता, उलथन्याने खरवडा, दोन मिनिटं उकळू द्या. ही ग्रेव्ही दाट होत नाही, व्हायला नकोही. काळसर पाणी आणि वर लालसर चरबीचे डोळे, असंच ते दिसतं. कॉफीचा कडूपणा मिठाला कापतो. बिस्किटं आणि ग्रिट्स म्हणजे मक्याच्या भरड रव्याची लापशी, यांच्यावर ती ओतून घ्यायची.

ब्रिटनमधला गॅमन असेल तर

ब्रिटनमध्ये खारवलेल्या कच्च्या मांडीला गॅमन म्हणतात आणि शिजवल्यावर ती हॅम होते. विल्टशर पद्धतीचा गॅमन खाऱ्या पाण्यात मुरवलेला असतो, त्यामुळे मऊ आणि कमी खारट. त्याला रात्रभर भिजवणं पुरतं, किंवा गार पाण्यात घालून एक उकळी आणून ते पाणी फेकलं तरी भागतं. नंतर मंद पाण्यात अर्ध्या किलोला वीस मिनिटं आणि वर आणखी वीस मिनिटं, अशी तिथली जुनी मोजणी आहे. कातडी काढणं आणि मुलामा वरच्यासारखाच.

उरलेल्याचं काय करायचं

गॅमनचं शिजवलेलं पाणी वाटाण्याच्या डाळीच्या सूपला सुंदर लागतं. कंट्री हॅमचं पाणी मात्र इतकं खारट असतं की सूप होत नाही. एक-दोन वाट्या गोठवून ठेवा आणि घेवड्याच्या बियांच्या किंवा पालेभाजीच्या भांड्यात मिठाऐवजी चमच्याने घाला. बाकीचं ओतून द्या.

शिजवलेला हॅम दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. मुळात महिनोन्महिने बाहेर टिकला म्हणून आताही टिकेल, हा समज चुकीचा आहे. भिजवताना मीठ गेलं, शिजवताना पाणी आलं, त्यामुळे हे मांस आता इतर शिजवलेल्या मांसासारखंच नाशवंत आहे. कापांवर हवा लागू न देता गुंडाळा, फ्रीजमध्ये ठेवा, आठवड्याभरात संपवा. त्याहून जास्त असेल तर लहान पुड्या करून गोठवा, पण महिन्याभरात वापरा, कारण खारट मांसातली चरबी गोठवूनही खवट होत जाते. अख्खा, न कापलेला कच्चा हॅम थंड कोरड्या जागी टांगून राहतो. एकदा सुरी लागली की तोही फ्रीजमध्येच.

कापताना उरलेले वेडेवाकडे तुकडे बारीक चिरून ऑम्लेटमध्ये घाला, वरून मीठ घालू नका. हाड आणि सुरुवातीला कापलेला घोट्याचा तुकडा रात्रभर भिजवलेल्या राजम्याबरोबर किंवा पांढऱ्या घेवड्याबरोबर मोठ्या भांड्यात घाला, कांदा आणि तमालपत्र टाका. दहा मिनिटं खळखळून उकळी आणा, मग आच मंद करून दोन-तीन तास शिजू द्या. मीठ शेवटी, आणि तेही चाखून, बहुधा लागतच नाही.